गाडीचं सगळं मिळेल, मनोहर

मृत्यू कुणालाही वगळत नाही. राजा असो की रंक, त्याच्या दारात सगळे सारखे. हे वाक्य तुझ्या शोकसभेत तीन वक्त्यांनी म्हटलं आणि तिन्ही वेळा मंडपातल्या माना हलल्या. माझीही हलली असती, पण माझ्या पिशवीत तुझ्या गाडीची पॉलिसी होती. मृत्यू वगळत नसेल; विमा वगळतो. कोणाकोणाला वगळलं आहे ते सांगायला त्या पॉलिसीत बारीक अक्षरांची दोन पानं आहेत, आणि तू, मनोहर, दुसऱ्या पानावर मधोमध आहेस.

तुला जाऊन आता तीन महिने होतील. एवढ्यात राग ओसरतो म्हणतात. माझा ओसरला नाही. चाळीस वर्षांत आपल्या एकाही वादाचं शेवटचं वाक्य मला मिळालं नव्हतं. आता मिळतंय, तर समोर तू नाहीस. हीसुद्धा तुझीच तऱ्हा.

वाद कशाचा ते आधी सांगतो, कारण विषय बदलण्यात तू पटाईत होतास. शेंदूरजनाघाटच्या तुझ्या रोपवाटिकेत जंबेरीची, म्हणजे रानलिंबाची, रोपं कलम करण्याजोगी होऊन उभी होती. थंडीत त्यांच्यावर संत्र्याचा डोळा बसवून पट्टी बांधली नाही, तर वर्ष गेलं. हे काम तू एकटा करायचास. दुसऱ्या कुणाच्या हातात चाकू दिला नाहीस. तू गेल्यावर शालिनीवहिनींना वाफे दुसऱ्याच्या हवाली करायचे नव्हते. हंगामभर दोन कारागीर ठेवायचे आणि रोपवाटिका चालू ठेवायची, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांचा भरवसा विम्यावर होता. "गाडीचा फुल इन्शुरन्स हाय, भाऊजी," त्या मला तिसऱ्याच दिवशी म्हणाल्या. "यायनंच सांगतलं होतं. सगळं कव्हर हाय म्हने."

सगळं. हा शब्द तुझा आहे. माझा नाही.

तुझ्या शोकसभेचंही सांगतो, तुला आवडलं असतं. चौकात दहा फुटांचा फ्लेक्स लागला होता. फोटो तोच, दसऱ्याचा, नव्या गाडीसमोरचा. गाडी कापून काढली होती, पण तुझ्या कोपरापाशी लाल बॉनेटचा एक तुकडा राहून गेला. खाली 'संत्रारत्न' असं लिहिलं होतं. ही पदवी तुला कोणी आणि कधी दिली याची मी चौकशी केली. फ्लेक्स छापणाऱ्याने दिली. एक पुढारी आले, पाच मिनिटं बोलले आणि त्यात दोनदा तुला मधुकर म्हणाले. मागच्या रांगेतला एक म्हातारा हळूच म्हणाला, "मधुकर कोन मेला बाप्पा?" त्या सभेत मला पटलेलं तेवढं एकच वाक्य.

त्या दसऱ्यापासून सगळं सुरू झालं, म्हणून तिकडेच जातो. अमरावतीचं ते शोरूम. गाडीवर साटीनचं लाल कापड, वर फुगे, बाजूला गुरुजी, आणि स्पीकरवर सनई. तू अकोल्याहून मला मुद्दाम बोलावून घेतलंस. मी पस्तीस वर्षं विम्याचा सर्व्हेअर होतो. मोडलेल्या गाड्या पाहायच्या आणि काय काय मोडलं त्याची यादी करायची, हा माझा धंदा. न मोडलेली गाडी पाहायला कुणी आग्रहाने बोलावल्याची ती पहिलीच वेळ.

कापड ओढलं, टाळ्या झाल्या. मग दोन हात लांबीची पुठ्ठ्याची चावी आली आणि ती वहिनींच्या हातात देण्यात आली.

"मले कायले देता?" वहिनी म्हणाल्या. "मले त चालवता येत नाई."

"फोटोपुरती धर," तू म्हणालास.

गाडी वहिनींच्या नावावर घेतली होतीस. तुझ्या घरात तशी रीतच. तुझ्या वडिलांनी ट्रॅक्टर तुझ्या आईच्या नावावर घेतला होता, तुझ्या भावाने मोटारसायकल त्याच्या बायकोच्या. घरात येणारी नवी गाडी म्हणजे लक्ष्मी, ती घरच्या लक्ष्मीच्याच नावाने यावी. ऐकायला किती छान. त्या तिघींपैकी एकीनेही कधी हँडल धरलं नाही. वाहन बाईच्या नावावर आणि चावी बुवाच्या खिशात, ही आपल्याकडची बायकांना मान देण्याची पद्धत. मी तेव्हाच तुझ्या कानात म्हणालो, "गाडी तुह्या नावावर कर." तू म्हणालास, "पेढा खा."

आठ दिवसांनी तू अकोल्याला माझ्या घरी आलास, पॉलिसीची फाईल घेऊन. मी ती वाचून तुझं कौतुक करावं, अशी तुझी अपेक्षा. मी वाचली, आणि टेबलावर पडलेल्या एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला तीन चौकोन काढले.

पहिल्या चौकोनात लिहिलं, थर्ड पार्टी. तुझ्या गाडीने दुसऱ्याचं जे काही होईल ते. हे कायद्याने घ्यावंच लागतं. दुसऱ्यात लिहिलं, गाडीचं स्वतःचं नुकसान: अपघात, चोरी, आग, पूर. हे दोन एकत्र आले की कंपनी त्याला काँप्रिहेन्सिव्ह म्हणते, आणि अकोल्यापासून वरूडपर्यंत सगळे फर्स्ट पार्टी म्हणतात. तिसऱ्या चौकोनात लिहिलं, गाडी चालवणारा मालक. तो अपघातात गेला, तर त्याच्या घरच्यांना पंधरा लाख.

"म्हंजे मी," तू तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवलंस.

"नाई. मालक."

"तेच त."

"मालक वहिनी हाय."

"अबे, नावापुरती."

"कंपनीले नावच समजते. दुसरं काई समजत नाई."

"मंग आमी नवरा-बायको काय येगळे आहो का? सात फेरे घेतले लेका."

"कंपनी लग्नाले आली नवती."

तू हसलास. मीही हसलो, आणि तिथेच चूक झाली. तू हसलास की वाद मिटला असं मला वाटायचं. पण त्या दिवशी मी नेटाने पुढे गेलो. म्हटलं, हा तिसरा चौकोन मालकाचा आहे आणि तोही लायसन असलेल्या मालकाचा. वहिनींकडे लायसन नाही. म्हणजे हा विमा त्यांनाही लागू नाही आणि तुलाही नाही. शोरूमवाल्याने फॉर्मवर खूण केली, तू सही आणलीस, आणि दरवर्षी एका अशा माणसाचा विमा उतरवला जाणार आहे जो कधी गाडी चालवणारच नाही.

"मंग थर्ड पार्टीत बसव मले."

"तिथंही नाई बसत. मालकाची गाडी मागून घेऊन चालवनारा कायद्यात मालकाच्याच जागी बसते. तो तिसरा नसते."

"म्हंजे तिसऱ्या चौकोनात मी मालक नाई आन पयल्या चौकोनात मी मालक हाओ?"

"बरोबर."

"कोनी केला बे हा कायदा?"

एवढं नेमकं तुला कळलं होतं, मनोहर. मी पस्तीस वर्षांत डझनभर वकिलांना हे समजावलं, त्यांना दोन-दोन तास लागले. तुला एका चहात कळलं. म्हणून जास्त राग येतो. न कळणाऱ्याला माफ करता येतं.

मी दोन उपाय सांगितले. गाडी स्वतःच्या नावावर करून घे, किंवा स्वतःच्या नावाने वेगळी अपघात पॉलिसी काढ. एका टायरपेक्षा स्वस्त पडते. तू फाईल बंद केलीस. "दसऱ्याले आलेली लक्ष्मी आता नाव कापून घराबाहेर काढू? आन पेढे खाता खाता मरनाच्या गोष्टी कावून करते तू? मी काय मरून राह्यलो?"

मरणाच्या गोष्टी अशुभ, पण गाडीच्या मरणाच्या चालत होत्या. गाडीसाठी तू काय काय घेतलं होतंस! झिरो डेप, म्हणजे बंपर तुटला तर जुना झाला म्हणून एक रुपयाही न कापता नवा बंपर. इंजिनात पाणी गेलं तर त्याचा विमा. रस्त्यात बंद पडली तर ओढून नेण्याचा. आणि चावी हरवली तर चावीचा. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढून घेतात तसं तू सगळं वाढून घेतलं होतंस. सोबत बसणाऱ्यांच्या अपघाताचा विमा तेवढा नाकारलास. "माह्या गाडीत रोपं बसतात, मानसं नाई."

पुढची दोन वर्षं नूतनीकरणाच्या महिन्यात मी तुला फोन करत राहिलो, आणि तुझ्या घरी आलो की बैठकीत तेच कागद पुन्हा उघडत राहिलो. तू पहिल्या वर्षी "करतो" म्हणालास, दुसऱ्या वर्षी "करतो ना बे" म्हणालास. मग वलगावला तुझ्या पुतणीचा साखरपुडा झाला. अंगणात वीस-पंचवीस माणसं बसली होती. मी येताना दिसलो तशी तू आरोळी ठोकलीस, "या सर्व्हेअरसायेब! याच्यापुढं नवरीले आनू नका रे, हा पयले तिचे डेंट मोजन!" अंगण हसलं. मीही हसलो, कुणाला काही कळू नये म्हणून. ती मुलगी मात्र दारातच उभी होती, आणि तिचा चेहरा मी पाहिला. तू पाहिला नाहीस.

घरी येऊन ठरवलं, आता याला फोन करायचा नाही. किती लहान गोष्ट. साठी ओलांडलेला, चार पुस्तकं वाचलेला माणूस एका टोमण्यावर रुसला. त्या वर्षी नूतनीकरणाची तारीख आली, मला पक्की आठवत होती. धंद्याने लावलेली सवय. लोकांचे वाढदिवस विसरतो, मुदत संपायच्या तारखा विसरत नाही. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. म्हटलं, त्याने करावा.

तूही केला नाहीस. दिवाळी झाली, आणि आणखी थोड्याच दिवसांत तू दर्यापूरला गेलास.

तिथल्या पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत संत्रा लावायचं कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं, आणि तू ते काढून टाकायला गेला होतास. स्वतःच्या रोपांचं गिऱ्हाईक स्वतःच परत पाठवायला नव्वदेक मैल गाडी चालवत जाणारा रोपवाटिकावाला मी दुसरा पाहिलेला नाही. हे शोकसभेत कुणी सांगितलं नाही. परत येताना, वलगावच्या अलीकडे, दिवस मावळता मावळता रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली. तू गाडी वळवलीस आणि ती बाभळीवर गेली. रोहीला काही झालं नाही. ती शेतात निघून गेली, असं मागून येणाऱ्या जीपवाल्याने सांगितलं.

तू त्या जीपला धडकला असतास, तर तिच्यातल्या माणसांना भरपाई मिळाली असती. कुणी दगावलं असतं, तर त्या रकमेला वरची मर्यादासुद्धा नाही. एकही माणूस न दुखावता, एक जनावर वाचवून तू बाभळीवर गेलास, तर काही नाही. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तो बरोबर आहे. ज्याचा काही दोष नाही त्या तिसऱ्याला त्याने आधी सांभाळलंच पाहिजे. कायदा चुकीचा असता तर कुणाशी तरी भांडता आलं असतं.

आणि ती क्लिप. सीटबेल्टच्या खाचेत बसवायची, पट्टा नसलेली नुसती पितळी रंगाची क्लिप. ती खोचली की गाडीला वाटतं पट्टा लावला, आणि ती टुंग-टुंग करायची थांबते. तू ती बाजारातून हौसेने आणली होतीस आणि मला दाखवली होतीस. "पाय, गप बसवली गाडीले." ज्या गाडीच्या चावीचासुद्धा तू विमा घेतलास, त्या गाडीने तुला आयुष्यात एकच गोष्ट सांगितली, ती तू क्लिप खोचून बंद केलीस. मलाही तू असंच गप्प बसवलंस. मला तर क्लिपसुद्धा लागली नाही.

अमरावतीच्या दवाखान्यात दोन दिवस होतास. शुद्ध नव्हती. मी तुझ्या उशाशी बसून काय बोललो ते इथे लिहीत नाही. विम्याबद्दल नव्हतं.

गाडीचा सर्व्हे करायला जी मुलगी गेली, ती माझ्याच हाताखाली शिकलेली. तिने गॅरेजमधून फोन केला. आवाज जपून लावला होता, पण बातमी चांगली आहे असं तिला वाटत होतं.

"सर, गाडीचं सगळं मिळेल. बंपर, बॉनेट, काच, डावीकडचा दिवा, रेडिएटर. झिरो डेप आहे, एक पैसा कापला जाणार नाही."

"आणि माणसाचं?"

ती म्हणाली, "सर, तुम्हीच शिकवलंय."

तेरवी झाली आणि मी वहिनींसोबत फॉर्म भरायला बसलो. मला उत्तर माहीत होतं, तरी भरायला बसलो. रोग असाध्य आहे हे माहीत असलेला डॉक्टर सलाईन लावतो, तसं. वहिनींनी चष्मा लावला आणि एकेक रकाना त्या स्वतः वाचू लागल्या, मी उत्तरं भरत गेलो.

"मालकाचं नाव?"

"तुमचं."

"मंग मयत कोन?"

"मनोहर."

"त्यायचं मालकाशी नातं?"

"पती."

वहिनींनी रकान्यावर बोट ठेवलं. "म्हंजे मालक जिवंत हाय?"

"हो."

"मंग पैसे कशाचे मागून राह्यलो आपन?"

त्यांना सातवीपर्यंतचं शिक्षण आहे, मनोहर. एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी लग्नपत्रिकेमागचे तीन चौकोन, तुझे पेढे, दोन वर्षांचे फोन, सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या तुझ्यावर रडतील किंवा तुझ्यावर चिडतील. दोन्ही झालं नाही.

"भाऊजी, तुमाले हे तीन वर्सं माईत होतं?"

"मी त्याला सांगत होतो."

"यायले सांगत होते. मले कावून नाई सांगतलं?"

मी फॉर्मचं पान उलटलं.

"गाडी माह्या नावावर. सही माही. मले येऊन म्हनले असते, वहिनी, हे असं असं हाय, त मी त्याच दिवशी यायच्या नावानं दुसरी पॉलिसी काढली असती. यायले इचारलं बी नसतं. मी तुमाले दर डावाले चहा देऊन गेली, भाऊजी. तुमी दोघं कागदं झाकून घ्याचे."

झाकत नव्हतो. पण थांबत होतो, हे खरं आहे. वहिनी चहा घेऊन आल्या की आपण दोघं थांबायचो. मरणाची गोष्ट बाईसमोर नको म्हणून तू, आणि तू थांबलास म्हणून मी. ट्रे टेबलावर ठेवून त्या आत गेल्या की पुन्हा सुरू. कंपनीला फक्त मालक कळतो, हे मी तुला शंभर वेळा ऐकवलं. आणि मी, कंपनीचा माणूस, तीन वर्षांत मालकाशी एक वाक्य बोललो नाही. तुझ्या त्या पुठ्ठ्याच्या चावीला मी हसलो होतो. मीही त्यांच्या हातात तेवढीच ठेवली होती.

म्हणजे हे जे सगळं मी तुला ऐकवतो आहे, त्यातलं अर्धं चुकीच्या पत्त्यावर आहे. तरी थांबत नाही. उरलेलं अर्धं तुझंच आहे.

कंपनीचं पत्र महिन्याभरात आलं. वाहनचालक हा नोंदणीकृत मालक नसल्याने दावा मान्य करता येत नाही, अपार खेद आहे. 'अपार' हा शब्द मी दोनदा वाचला. त्या पत्रात मर्यादा नसलेली तेवढी एकच गोष्ट होती.

तुझ्यावर एवढं चिडल्यावर एक गोष्ट लिहायला हवी, नाहीतर हा लेख खोटा होईल. माझी बायको आजारी होती त्या वर्षी तू तिला अकोल्याहून नागपूरला अकरा वेळा नेलंस, तुझ्या जुन्या जीपमधून. शेंदूरजनाघाटहून आदल्या दिवशी यायचास, सकाळी निघायचास, वाटेत तिला हसवायचास. एकदाही कसं चाललंय असं विचारलं नाहीस, आणि त्याबद्दल मी तुझा आजन्म ऋणी आहे. ती गेल्यावर तू अकरा फेऱ्यांचा विषय कधी काढला नाहीस. मीही काढला नाही; आभार मानले असते तर तू विषय बदलला असतास. त्या जीपचा विमा होता की नाही, हे मी अकरापैकी एकाही वेळी विचारलं नाही. मी, पस्तीस वर्षांचा सर्व्हेअर. मला तेव्हा फक्त तू चालवतो आहेस एवढं पुरेसं होतं. वहिनींनाही तेवढंच पुरलं असणार.

आता शेवटचं. गाडी दुरुस्त होऊन आली, खरंच नव्यासारखी. वहिनींनी ती अंगणात दोन दिवस उभी ठेवली आणि तिसऱ्या दिवशी मला फोन केला.

"इकून टाका म्हनते मी."

"घाई नको, वहिनी. वारसाचे कागद लागतील."

"कायचे वारस? गाडी माही हाय ना?"

होती. तुझं शेत, तुझं बँकेतलं खातं, रोपवाटिकेचा परवाना, जे जे तुझ्या नावावर होतं ते सगळं तहसीलच्या टेबलावर वारसनोंदीसाठी अजून पडून आहे. तीन महिन्यांत तुझ्या घरातली एकच वस्तू एका सहीने हलू शकली, ती म्हणजे तुझ्या मूर्खपणाने बायकोच्या नावावर केलेली ही गाडी. मी हे कबूल करतो. दात-ओठ खाऊन करतो, पण करतो. वलगावच्या एका भाजीवाल्याने ती घेतली. वहिनींनी सही केली, खरी चावी त्याच्या हातात दिली, आणि त्याला स्वतःच म्हणाल्या, "गाडी कोन चालवनार घरी? त्याच्याच नावावर करा. इन्शुरन्सचे तीन भाग असतात, बसा, सांगते." मग त्याला अंगणात बसवून त्यांनी तीन चौकोनांचं सगळं सांगितलं. मी बाजूला चहा पीत बसलो होतो. एकाही जागी त्या चुकल्या नाहीत.

पंधरा लाख ते पंधरा लाख. गाडीचे त्याच्या जवळपासही आले नाहीत. पण एका हंगामाचं भागलं. वरूडकडच्या दोघी बहिणी वहिनींना मिळाल्या, कलमं बांधण्यात तयार झालेल्या. थंडी होती तोवर त्यांनी सगळे वाफे पुरे केले. चाकू तुझाच वापरला. वहिनींनी तो धार लावून दिला.

काल मी रोपवाटिकेत गेलो होतो. पट्ट्या सोडल्या आहेत आणि वहिनींनी ओळीने फिरून मोजणी केली आहे. त्या दोघींनी बांधलेली शंभरातली नव्वद कलमं जगली. तुझी सत्तर जगायची.